गर्भातल्या बाळाची किडनी: रिपोर्टात काय दिसतं, पाण्यात काय सापडतं

भाची घणसोलीला राहते. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाल्यावर ती घरी गेलीच नाही, थेट माझ्याकडे नेरूळला आली. दारातच म्हणाली, "मावशी, बाळाच्या किडनीला सूज आहे म्हणे. पण माझा डबल मार्कर तर नॉर्मल आला होता ना गं?"

मी आधी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मग रिपोर्ट हातात घेतला. विसावा आठवडा. डाव्या किडनीतली लघवी गोळा होण्याची जागा, म्हणजे पेल्व्हिस, ५.२ मिलीमीटर. उजवी किडनी ठीक. मूत्राशय दिसतंय. गर्भजल पुरेसं. 'सूज' हा शब्द रिपोर्टात कुठेच नव्हता, तो बाहेर बाकावर बसलेल्या कुणीतरी पुरवला होता. आपल्याकडे हायड्रोनेफ्रोसिसला सर्रास 'किडनीला सूज' म्हणतात आणि घरचे घाबरतात. सूज म्हटलं की इन्फेक्शन, दुखणं, ताप असं डोळ्यांपुढे येतं. इथे फक्त लघवी पुढे सरकायला थोडी रेंगाळतेय आणि म्हणून जागा जराशी फुगलीय. सोळा ते सत्तावीस आठवड्यांत ही जागा ४ मिलीमीटरच्या आत आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून ७ मिलीमीटरच्या आत असली तर नॉर्मल धरतात. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत ती थोडी मोठी सापडते, आणि त्यातल्या बहुतेक बाळांची पुढे आपोआप नीट होते.

डबल मार्करचा या सगळ्याशी संबंध जवळजवळ नाही. ती तपासणी आईच्या रक्तातली दोन द्रव्यं मोजते आणि डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता किती, एवढंच सांगते. किडनीबद्दल तिला काही विचारलेलंच नसतं. 'मार्कर' हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा. मार्कर किंवा बायोमार्कर म्हणजे शरीरातली मोजता येईल अशी खूण, जी आत काय चाललंय याची साक्ष देते. प्रत्येक साक्षीदार आपण पाहिलं तेवढंच सांगणार, हे लक्षात ठेवायचं.

मी सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर काढली. किडनी म्हटलं की आमचा हात आपोआप क्रिएटिनिनकडे, म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते त्या टाकाऊ द्रव्याकडे जातो. रक्तात ते वाढलं की किडनीचं काम मंदावलं, हे आता पेशंटलाही पाठ असतं. गर्भातल्या बाळाच्या बाबतीत मात्र हा साक्षीदार बाद, आणि तो बाद होतो वारेमुळे. बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन वारेतून सहज आईकडे जातं आणि आईची किडनी ते बाहेर टाकते. म्हणजे नऊ महिने बाळाचं रक्त साफ करण्याचं काम वार आणि आई मिळून करतात. एखाद्या बाळाला दोन्ही किडन्या नसल्या तरी गर्भात त्याचं क्रिएटिनिन आईच्या इतकंच राहतं. इतकंच काय, जन्मल्या दिवशी बाळाच्या रक्तात जो आकडा येतो तोही मुख्यतः आईचाच असतो. बाळाचा स्वतःचा आकडा कळायला काही दिवस जावे लागतात.

मग पोटात असताना बाळाची किडनी करते तरी काय? ती पाणी तयार करते. साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यापासून बाळ लघवी करू लागतं, आणि चौथा महिना संपल्यावर गर्भजलाचा मोठा भाग ही लघवीच असते. बाळ ते पाणी गिळतं, पुन्हा लघवी करतं, पुन्हा गिळतं. हे ऐकून भाचीने नाक मुरडलं. पण त्याच पाण्याच्या आधाराने फुप्फुसं फुगतात आणि वाढतात, हातपाय हलायला जागा मिळते. १९४६ साली शिकागोच्या डॉक्टर एडिथ पॉटर यांनी दोन्ही किडन्या नसलेल्या बाळांचं वर्णन केलं: चपटं नाक, दबलेला चेहरा, खाली सरकलेले कान, अपुरी फुप्फुसं. पुढे उलगडलं की चेहऱ्याचं ते रूप मुख्यतः पाण्याच्या अभावाने आलेल्या दाबाचं होतं. अशी बाळं जन्मानंतर जातात तीही बहुधा श्वासामुळे, किडनीची पाळी येण्याआधीच.

म्हणून गर्भातल्या किडनीचा सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त आणि अजूनही सगळ्यात कामाचा मार्कर म्हणजे पाणी किती आहे. सोनोग्राफीत पोटाचे चार भाग करून प्रत्येकातली पाण्याची खोली मोजतात आणि बेरीज करतात. ही बेरीज ५ सेंटीमीटरच्या खाली गेली, किंवा सगळ्यात खोल जागाच २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली, की पाणी कमी आहे असं म्हणतात. पाणी कमी होण्याची कारणं बरीच आहेत. पिशवी फुटून पाणी झिरपत असेल, वारेचा रक्तपुरवठा कमी असेल, किंवा आईच्याच शरीरात पाणी कमी असेल. या शेवटच्या कारणावर आपल्याकडचं नारळपाणी आणि भरपूर पाणी पिणं थोडंफार लागू पडतं. पण बाळाची लघवी आतच अडली असेल तर आईने नारळाचं झाड रिकामं केलं तरी गर्भजल वाढणार नाही. शेजारणींना हे समजावणं मी कधीच सोडून दिलंय.

लघवी आत अडणं म्हणजे काय, हे नवी मुंबईकरांना दाखवायला फार लांब जावं लागत नाही. सिडकोने हे शहर खाडीच्या कडेला, भरतीच्या पातळीच्या आसपासच्या जमिनीवर वसवलं. पावसाचं पाणी थेट खाडीत सोडलं तर भरतीच्या वेळी खाडीच नाल्यांतून उलटी आत येणार. म्हणून जागोजागी धारण तलाव केले आणि त्यांच्या तोंडाशी एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा बसवल्या. ओहोटीला झडप उघडते, पाणी बाहेर जातं. भरती आली की समुद्राच्या दाबाने ती मिटते. आता समजा, झडप उलटी बसली आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यानेच ती मिटू लागली, तर? आधी तलाव तुडुंब भरेल, मग नाले, मग सेक्टरमधल्या गल्ल्या, मग तळमजले.

काही बाळांच्या मूत्रमार्गात अगदी असंच होतं. मूत्राशयाच्या खालच्या बाजूला पातळ पडद्याच्या घड्या राहून जातात, आणि वरून लघवीची धार आली की शिडासारख्या फुगून वाट अडवतात. गंमत म्हणजे जन्मानंतर खालून नळी घातली तर ती विनासायास वर जाते. अडथळा एकाच दिशेचा. याला पोस्टिरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात, पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाला हा दोष असतो. मूत्राशय तटतटतं, त्याची भिंत जाड होते, खाली मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भागही फुगतो आणि सोनोग्राफीत कुलपाच्या भोकासारखा आकार दिसतो. मग मूत्रवाहिन्या फुगतात आणि दाब किडन्यांपर्यंत पोचतो. हे सगळं घडतं नेमकं किडनीच्या बांधकामाच्या काळात. एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, असतात. त्या छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि नंतर एकही नवी होत नाही. बांधकाम चालू असतानाच तळमजल्यात पाणी शिरलं तर वरचे मजले कसे चढतील?

इथे भाचीला मी थांबवून सांगितलं की तिच्या रिपोर्टात यातलं काहीच नाही. एकाच बाजूला आहे, थोडं आहे, मूत्राशय नीट आहे, पाणी पुरेसं आहे. पण ती आता ऐकायला सरसावून बसली होती. "पुढे सांग," म्हणाली.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. मायकल हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशय उघडून अशाच अडथळ्याच्या बाळावर शस्त्रक्रिया केली. वाट मोकळी करून दिली, पण बाळ वाचलं नाही. त्यातून एक अवघड प्रश्न पुढे आला: जिथे किडनी आधीच गेली आहे तिथे वाट मोकळी करून उपयोग काय, आणि ती गेली की नाही हे पोटात असतानाच कसं ओळखायचं? त्याच गटाने १९८५ साली उत्तर सुचवलं: बाळाची लघवी तपासा. सोनोग्राफीत बघत बघत सुई बाळाच्या मूत्राशयात घालायची आणि थोडी लघवी काढायची. वाचायला भयंकर वाटतं, करणाऱ्यालाही ते सोपं नसतं.

त्यांनी पाहिलं ते मीठ. निरोगी बाळाची लघवी पातळ असते, कारण किडनीतल्या नळ्या गाळलेल्या पाण्यातलं सोडियम आणि क्लोराईड परत शरीरात ओढून घेतात. नळ्या खराब झाल्या की मीठ तसंच वाहून जातं. सोडियम लिटरला १०० मिलीइक्विव्हॅलंटच्या आत, क्लोराईड ९०च्या आत असेल तर किडनीत अजून जीव आहे असं धरायचं. आणि एकदा काढून चालत नाही. पहिल्यांदा निघते ती कित्येक दिवस साचलेली शिळी लघवी. ती काढून टाकून एक-दोन दिवसांनी नव्याने भरलेली तपासायची, गरज पडली तर तिसऱ्यांदाही. सोसायटीची टाकी धुतल्यावर पहिलं पाणी सोडून देतो, तसं.

कल्पना सुरेख होती, पण तिची मर्यादाही लवकरच दिसली. आठवडे कमी असतील तेव्हा नळ्या मुळातच कच्च्या असतात, त्यामुळे निरोगी बाळाच्या लघवीतही सोडियम जास्त निघू शकतं. सगळ्यांना एकच आकडा लावला की फसगत होते. २००७ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, आणि निष्कर्ष निघाला की लघवीतलं कुठलंही एक द्रव्य एकट्याने भरवसा ठेवण्याइतकं अचूक नाही. त्यातल्या त्यात सोडियम आणि कॅल्शियम, तेही आठवड्यांप्रमाणे तुलना केली तर, बरे.

मला व्यक्तिशः सगळ्यात आवडतात ते दोन छोटे प्रथिनांचे रेणू: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि सिस्टॅटिन सी. ते शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतून एकसारख्या वेगाने रक्तात येत राहतात. किडनी ते गाळते, आणि मग नळ्या ते उचलून तिथेच मोडून टाकतात. लघवीत जवळपास काही उरत नाही. यांचा मोठा गुण म्हणजे क्रिएटिनिनसारखे ते वार ओलांडून आईकडे पळून जात नाहीत. म्हणून बाळाच्या नाळेतलं रक्त घेतलं आणि त्यात हे वाढलेले असले, तर गाळण्या कमी पडताहेत असा अर्थ. लघवीत वाढलेले असले, तर नळ्या बिघडल्या. एकच रेणू, पण तो कुठे सापडला यावरून गोष्ट बदलते. चोरीचा माल घरात सापडला की दारात, यावरून पोलीस जसा अंदाज बांधतात तसं. अर्थात नाळेतून रक्त घेणं ही साधी गोष्ट नाही. त्यात गर्भ दगावण्याचा थोडा का होईना धोका असतो, म्हणून दोन्ही किडन्यांची गंभीर शंका असेल तेव्हाच कुणी तो विचार करतं.

मार्करच्या नावाखाली एक वेगळाच आजारही येतो, तो इथे सांगून टाकते. चौथ्या-पाचव्या महिन्यात होणाऱ्या क्वाड्रुपल मार्करमध्ये अल्फा फीटोप्रोटीन नावाचं बाळाचं प्रथिन आईच्या रक्तात मोजतात. ते फार वाढलेलं दिसलं तर आधी बाळाचा मणका आणि पोटाची भिंत बघतात. सोनोग्राफीत दोन्ही ठीक असतील तर क्वचित कारण किडनीत निघतं. जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये किडनीची चाळणीच सैल असते आणि प्रथिनं लघवीतून गर्भजलात सांडत राहतात. फिनलंडमध्ये हा आजार जास्त दिसतो, १९९८ साली त्याचं जनुक सापडलं. आईच्या साध्या रक्ततपासणीत बाळाच्या किडनीची चाहूल लागते अशी ही दुर्मीळ जागा. बाकी किडनीच्या रचनेच्या दोषांसाठी आईच्या रक्तावरून सांगणारी रोजच्या वापरातली तपासणी नाही. हजारो रुपये मोजून होणारी एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातल्या डीएनएच्या तुकड्यांची तपासणी, तीसुद्धा मुख्यतः गुणसूत्रांची मोजदाद करते.

गेल्या दहा-बारा वर्षांत पाहण्याची पद्धतच बदलली. एकच द्रव्य शोधायच्या ऐवजी शेकडो तुकडे एकदम बघायचे आणि त्यांची नक्षी ओळखायची. प्रथिनं मोडली की पेप्टाइड नावाचे बारीक तुकडे होतात. किडनीत कुठे व्रण पडताहेत, कुठे बांधकाम थांबलंय, यानुसार या तुकड्यांचं मिश्रण बदलतं. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी २०१३ साली अडथळा असलेल्या बाळांच्या लघवीतले बारा पेप्टाइड निवडले आणि जन्मानंतर किडनी कशी राहील याचा अंदाज बांधला. २०२१ साली गर्भजलातल्या ९८ पेप्टाइडची अशीच नक्षी प्रसिद्ध झाली. त्यात पेशींभोवतीच्या जाळीच्या प्रथिनांचे आणि थायमोसिन बीटा-४ नावाच्या प्रथिनाचे तुकडे मुख्य होते. बाळाच्या मूत्राशयात सुई घालण्यापेक्षा गर्भजल काढणं पुष्कळ सोपं, म्हणून हे पाऊल मोठं. पण हे तुकडे मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र लागतं. आमच्या टेबलावरच्या मशीनचं ते काम नाही, आणि ही तपासणी अजून संशोधनाच्याच टप्प्यात आहे. वाशीच्या एखाद्या लॅबच्या दरपत्रकात ती शोधू नका.

२०१३च्या त्या बारा पेप्टाइडच्या चाचणीची संवेदनशीलता ८८ टक्के आणि विशिष्टता ९५ टक्के आली होती. हे आकडे घरगुती भाषेत असे: किडनी खरोखर निकामी होणारी शंभर बाळं असतील तर ८८ ओळखली गेली, बारा निसटली. किडनी नीट राहणारी शंभर असतील तर ९५ना बरोबर 'नीट' म्हटलं, आणि पाच जणांना उगाच 'वाईट' म्हटलं. शिवाय हे आकडे आले होते काही डझन बाळांवरून. माझ्या मते त्या पाचांचा विचार आधी व्हायला हवा. मधुमेहाच्या तपासणीत चूक झाली तर पुन्हा रक्त घेता येतं. इथे रिपोर्ट हातात घेऊन आईबाप गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवत असतात. २०२१च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात, बाळात गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. म्हणून ९५ हा आकडा परीक्षेत कितीही छान दिसला तरी मला तो पुरेसा वाटत नाही.

आणि समजा, मार्करने बरोबर सांगितलं, तर करता काय येतं? बाळाच्या मूत्राशयातून गर्भजलात लघवी सोडणारी बारीक नळी, म्हणजे शंट, बसवता येते. ब्रिटनमध्ये याची रीतसर चाचणी घ्यायचं ठरलं. दीडशे मातांची गरज होती, मिळाल्या ३१. २०१३ साली जे निष्कर्ष आले त्यात शंटमुळे बाळ जगण्याची शक्यता वाढत असावी असं दिसलं, पण जगलेल्यांपैकी फार थोड्यांची किडनी नीट राहिली. पाणी वाढतं, फुप्फुसं वाचतात, किडनीचं झालेलं नुकसान मात्र भरून येत नाही. म्हणूनच शंट कुणाला घालायचा हे ठरवायला चांगला मार्कर हवा आहे.

आपल्या देशात याला एक वेगळी गाठ आहे. युरेथ्रल व्हॉल्व्हचा दोष मुलग्यांनाच होतो. म्हणजे निदान नावानिशी सांगितलं की लिंगही सांगितल्यासारखं होतं, आणि १९९४च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. सुदैवाने वैद्यकशास्त्रात एक मोठी छत्री तयार आहे: 'लोअर युरिनरी ट्रॅक्ट ऑब्स्ट्रक्शन', खालच्या मूत्रमार्गात अडथळा. तसंही नेमकं कारण जन्मानंतरच पक्कं होतं, त्यामुळे हा शब्द प्रामाणिकही आहे. डॉक्टर मोघम बोलताहेत असं वाटलं तर लगेच त्यांच्यावर चिडू नका, आणि खोदून विचारूही नका.

भाचीला मी कागदावर लिहून दिलं ते असं. एका बाजूला आहे की दोन्ही? मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना दिसतं का? पाणी किती? किडनीचा गर चकचकीत पांढरा किंवा बुडबुड्यांसारखा दिसतो का? पुढच्या वेळी हे चार प्रश्न विचारायचे. एक किडनी पूर्ण बिघडली तरी दुसरी धडधाकट असली की माणूस नीट जगतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'एका' आलं की मी निम्मी काळजी तिथेच सोडते.

शेवटचं, आजीमंडळींसाठी. बाळ जन्मल्यावर लगेच सोनोग्राफी करून "काही नाही, सगळं उतरलं" असं म्हणत पेढे वाटू नका. पहिले दोन दिवस बाळ लघवी कमी करतं, त्यामुळे फुगलेली जागाही तात्पुरती बारीक दिसते. साध्या केसमध्ये अठ्ठेचाळीस तासांनंतर, पहिल्या महिन्याच्या आत एकदा, आणि मग पुढे काही महिन्यांनी एकदा बघायचं. दोन्ही किडन्या फुगलेल्या आणि मूत्राशय मोठं असेल तर मात्र दोन दिवस थांबायचं नाही, जन्मल्याबरोबर बघायचं.

तिची पुढची सोनोग्राफी बत्तिसाव्या आठवड्यानंतर आहे. तोवर गर्भजल काढायचं नाही, सुई नाही, कुठला महागडा मार्कर नाही. काल रात्री तिचा मेसेज आला: "मावशी, सासूबाई रोज दोन नारळ आणतात. काय करू?" मी लिहिलं, पाणी तू पी, मलई माझ्यासाठी ठेव.